कुत्र्याला कच्चं मांस घालताय? स्वस्तात काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुठला तुकडा कधीच टाकायचा नाही

जत्रा असो, देवकार्य असो की जावयाचं जेवण, दारात बोकड पडला की राखणीचं कुत्रं समोर येऊन बसतंच. सोलणारा माणूस कलेजी हातात घेतो, तिच्यावर पाण्याने भरलेला पांढरट फोड दिसतो, तेवढा भाग सुरीने उडवतो आणि कुत्र्याकडे फेकतो. कुत्रं तो जमिनीवर पडायच्या आत गिळतं. अन्न वाया गेलं नाही, मुकं जनावरही जेवलं, म्हणून सगळे खूश. कुत्र्याच्या आहारात माणसाला सर्वात महागात पडणारी चूक मात्र हीच आहे.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर कुत्र्यांचे व्हिडिओ बघून गावातही कच्च्या मांसाची हवा आली आहे. कारवान, पश्मी, मुधोळ पाळणारी पोरं एकमेकांना सांगतात की कच्चं दिलं की कुत्र्याला ताकद येते, केस चमकतात. पिशवीतलं तयार खाद्य परवडत नाही, तेव्हा चिकनच्या दुकानातलं उरलंसुरलं स्वस्तात आणून घालायचं, असा हिशोब असतो. तो पूर्ण चुकीचा नाही. पण स्वस्तात मिळणाऱ्या मांसातला काही भाग चालण्यासारखा असतो, काही उकडून चालतो आणि काही फुकट मिळाला तरी घ्यायचा नसतो. हा फरक दुकानदार सांगत नाही, व्हिडिओतही सांगत नाहीत.

ही पद्धत आली कुठून

कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं घालण्याच्या पद्धतीचा बोलबाला ऑस्ट्रेलियातून झाला. तिथले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे ही पद्धत ‘बार्फ’ या नावाने जगभर पसरली. त्यामागचा विचार साधा आहे. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, मग त्याने लांडग्यासारखं खावं.

यातली एक गोष्ट मात्र २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दुरुस्त केली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या रसाचा जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त वेळा आढळतो, असं त्यांनी दाखवलं. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोट भाकरी पचवायला शिकलं. म्हणजे आजोबांच्या काळापासून भाकरी-ताकावर जगलेली गावची कुत्री काही विष खात नव्हती. त्यांना कमी पडत होतं ते मांस, अंडं, मासळीतून मिळणारं प्रथिन. ते थोडं वाढवलं तरी कुत्रं सुधारतं. त्यासाठी भाकरी बंद करायची गरज नाही, आणि खर्च वाचतो तो इथेच.

अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्चं मांस घालू नका असाच सल्ला दिला. कारण त्यातले जंतू कुत्र्याबरोबर घरातल्या माणसांनाही त्रास देतात.

आधी कुत्र्याचं वजन करा

किती घालायचं हे कुत्र्याच्या वजनावर ठरतं, आणि गावात कुत्र्याचं वजन कुणी करत नाही. पिठाच्या गिरणीतला काटा त्यासाठी उत्तम. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. गिरणीवाला ओरडला तर काटा पुसून द्यावा, पण वजन करावंच.

नुसत्या मांसावर ठेवलेल्या मोठ्या कुत्र्याला रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं लागतं. २० किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम. मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्याला जास्त, साखळीला बसलेल्याला कमी. पिल्लांचा हिशोब वेगळा आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला त्याच्या त्या दिवसाच्या वजनाच्या आठ ते दहा टक्के खाणं तीन-चार वेळांत विभागून द्यावं लागतं. खाणं बरोबर चाललंय का हे बरगड्या सांगतात. हात फिरवल्यावर त्या बोटाला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. कारवान, पश्मीसारखी शिकारी कुत्री मुळातच काटक असतात. त्यांची एकदोन बरगडी दिसली म्हणून घाबरून दुप्पट घालू नये.

आता पैशाचं बघू. रोज अर्धा किलो म्हणजे महिन्याला १५ किलो. माणसं खातात ते चिकन २२० रुपये किलो धरलं तर महिन्याला ३३०० रुपये होतात. राखणीच्या कुत्र्यावर एवढा खर्च कोण करणार? चिकन सेंटरमधले पंजे, माना, मुंडकी, पेटा असं मिळून ६० रुपये किलोने मिळालं असं धरलं, तर ९०० रुपये. आणि निम्मं पोट भाकरीवर ठेवून रोज २०० ते २५० ग्रॅमच मांस दिलं, तर ३६० ते ४५० रुपयांत महिना निघतो. दर गावागणिक वेगळा असतो आणि ओळखीच्या दुकानात पंजे फुकटही मिळतात, तेव्हा आपल्या गावचा आकडा घालून हिशोब करावा. २० किलोच्या कुत्र्याला दीड ते दोन भाकरी आणि हे मांस, एवढ्यात त्याचं पोट भरतं.

कोंबडीचं काय चालतं

स्वस्तात कच्चं द्यायचंच असेल तर गावात त्यातल्या त्यात बरी ती कोंबडी. सकाळी डोळ्यांसमोर कापलेली आणि त्याच सकाळी घातलेली. बोकडाच्या कलेजीतला तो फोडाचा आजार कोंबडीतून येत नाही. कोंबडीत भीती असते ती जंतूंची. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन्ही कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि कापताना मांसाला लागतात. धडधाकट कुत्रं ते पचवून टाकतं, पण त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात. कुत्र्याला काही होत नाही आणि अंगणात रांगणाऱ्या बाळाला जुलाब लागतात, असं घडतं ते यामुळे.

मानेत मांस आणि हाड दोन्ही असतं. पंजे आणि मुंडक्यात हाड, कातडी, चिवट भाग जास्त आणि मांस थोडं. पेटा आणि हृदय म्हणजे शुद्ध मांस, बिनहाडाचं. कातडीत चरबी असते, थोडी चालते, किलोने घातली तर पोट बिघडतं आणि कधीकधी स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं दिवसभर ओकत राहतं. आतडी घेऊच नयेत. घाण त्यातच असते.

फुकट मिळतात म्हणून बरेच जण फक्त पंज्यांवर कुत्रं ठेवतात. अशा कुत्र्याची विष्ठा बघा. पांढरी, खडूसारखी, हाताला भुगा होईल अशी. कुत्रं कुंथत बसतं. हाड जास्त झाल्याची ती खूण आहे. एकूण खाण्यात हाड दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये. पंज्यांबरोबर पेटा, हृदय, उकडलेलं अंडं घातलं की विष्ठा पुन्हा नीट होते.

उलट नुसतं बिनहाडाचं मांस घालणंही घातक, विशेषतः पिल्लांना. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मग शरीर हाडांमधून कॅल्शियम काढायला लागतं. मोठ्या हौसेने आणलेलं चांगल्या जातीचं पिल्लू, रोज खिमा आणि कलेजी, आणि चार महिन्यांचं होता होता पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. साध्या उडीत हाड मोडतं. मालक म्हणतो, एवढं मांस घातलं तरी अशक्त कसं? मांस घातलं म्हणूनच. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलेल्या पिल्लाचेही हाल होतात, पण त्याची कारणं वेगळी. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत त्याचा आहार जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

मोठ्या कुत्र्यासाठी कॅल्शियमचा फुकटातला उपाय घरातच आहे. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, वाळवायची, तव्यावर कोरडी करून मिक्सरला अगदी पिठासारखी बारीक करायची. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला अर्धा चहाचा चमचा पुरतो. जाडसर राहिली तर उपयोग कमी. हाडासकट खाणं असेल त्या दिवशी ही पूड घालायची नाही.

कलेजीचं कौतुक सगळेच करतात आणि ती पौष्टिक आहेच. पण तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर घातली तर तेच बाधतं. २० किलोच्या कुत्र्याला आठवड्याची मिळून शंभर ते दीडशे ग्रॅम कोंबडीची कलेजी खूप झाली.

पोल्ट्रीवर मेलेल्या कोंबड्यांचं प्रलोभन मोठं असतं. शेडमध्ये रोज एकदोन पक्षी मरतात आणि ते कुत्र्याला टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पक्षी कशाने मेला हे माहीत नसतं, त्याला आदल्या दिवशी कुठलं औषध दिलं होतं हेही नसतं. एकदम जास्त पक्षी मेले तर एकही पक्षी शेडबाहेर जाऊ देऊ नये. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. त्या वेळी लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अशा वेळी कुत्र्याने पळवलेला एक पक्षी रोग दुसऱ्या वस्तीवर नेऊ शकतो.

बोकड, मेंढी आणि पाण्याचा फोड

परदेशातल्या स्वस्त आहाराच्या याद्यांमध्ये गाय-बैलाचं हृदय, जठर असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात गाईची कत्तल पूर्वीपासूनच बंद आहे आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते इथे लागूच नाही. आपल्याकडे स्वस्तात उरतात ते शेळ्या-मेंढ्यांचे भाग. फुप्फुस, तिल्ली, आतडी, खराब दिसणारी कलेजी. माणसं घेत नाहीत म्हणून ते कुत्र्याच्या वाट्याला येतात.

आता सुरुवातीच्या फोडाकडे येऊ. शेळी-मेंढीच्या कलेजीत किंवा फुप्फुसात गोटीपासून मोसंबीएवढा, पांढऱ्या जाड कातडीचा, आत नितळ पाणी असलेला फोड दिसतो. डॉक्टर त्याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. त्या पाण्यात एका पट्टकृमीची, म्हणजे चपट्या जंताची, शेकडो पिल्लं असतात. कुत्र्याने तो फोड कच्चा खाल्ला की ती त्याच्या आतड्याला चिकटतात आणि सुमारे दीड महिन्यात मोठी होतात. मोठी म्हणजे किती? दोन ते सात मिलिमीटर. एका कुत्र्यात असे हजारो जंत असू शकतात आणि कुत्रं तरीही ठणठणीत असतं. खातं, भुंकतं, पळतं. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे दिसतात तो जंत वेगळा, तो पिसवांमधून येतो. हा डोळ्याला दिसत नाही.

दीड महिन्यानंतर कुत्र्याच्या विष्ठेतून या जंताची अंडी पडायला लागतात. ती त्याच्या केसांना चिकटतात, अंगणात पडतात, गवतावर, कोथिंबिरीच्या वाफ्यात, उघड्या पाण्यात जातात. ओलसर सावलीत महिनोन् महिने टिकतात. ते गवत शेळी-मेंढीने खाल्लं की तिच्या पोटात पुन्हा फोड. आणि कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून खेळलेल्या पोराने तसाच हात तोंडात घातला की फोड त्या पोराच्या पोटात.

माणसात हा फोड दहापैकी साधारण सात वेळा काळजात, म्हणजे यकृतात होतो, दोन वेळा फुप्फुसात, क्वचित मेंदूत किंवा इतरत्र. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. लहानपणी शिरलेलं अंडं तिशीत पोटदुखी होऊन समोर येतं. तेव्हा सोनोग्राफीत पाण्याची मोठी गाठ दिसते. मग महिनोन् महिने गोळ्या, नाहीतर ऑपरेशन. गाठ पोटात फुटली तर अंगावर गांधी उठणं, दम लागणं, रक्तदाब कोसळणं असं होऊन जीवावर बेततं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. माणसाला हा आजार मटण खाल्ल्याने होत नाही. फोडाचं मटण चुकून खाण्यात आलं तरी त्यातून गाठ होत नाही. गाठ होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. म्हणून घरात कुणी मटणाला शिवत नसलं तरी ते सुटत नाहीत. शेजारच्या कुत्र्याने घाण केलेल्या वाफ्यातली मेथी न धुता खाल्ली तरी पुरतं. मेंढपाळाच्या वाड्यावर, जिथे मेंढरं, कुत्री आणि लहान मुलं एकाच जागी झोपतात, तिथे हा धोका सर्वात जास्त.

म्हाताऱ्या मेंढ्यांत आणि शेळ्यांत फोड जास्त सापडतात, कारण ते वाढायला वर्षं लागतात. वर्षाच्या बोकडात तो नसेल किंवा इतका लहान असेल की दिसणार नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मात्र धरू नये. आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला लटकणाऱ्या पाण्याच्या पिशव्या दिसतात, त्या दुसऱ्या जंताच्या असतात आणि माणसाला सहसा त्रास देत नाहीत. पण सोलताना कोण भिंग घेऊन बसतंय? त्यामुळे पाण्याचा कुठलाही फोड, कुठलीही पिशवी कुत्र्याला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मेंढरं पाळणाऱ्यांसाठी भेजाचंही असंच आहे. एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरते, आंधळ्यासारखी कुडाला धडकते, शेवटी मरते किंवा कापावी लागते. पुष्कळदा तिच्या मेंदूत जंताची पाण्याची पिशवी झालेली असते. तिची मुंडी फोडून कुत्र्याला घातली की कुत्र्याच्या पोटात जंत तयार होतो आणि त्याच्या विष्ठेतून पुढच्या मेंढरांत जातो. आपणच घातलेल्या मुंडीने आपलाच कळप फिरायला लागतो.

मग बोकडाचं टाकून द्यायचं का?

नाही. उकडायचं. फुप्फुस, कलेजी, तिल्लीचे लहान तुकडे करून पाण्याला उकळी आल्यापासून किमान अर्धा तास खदखदू द्यायचे. फोडातली जंतांची पिल्लं त्यात मरतात. फुप्फुस पाण्यावर तरंगतं, म्हणून झाकण ठेवून अधूनमधून दाबावं. दिसलेला फोड मात्र उकडायच्या भानगडीतही पडू नये. न फोडता, आजूबाजूच्या मांसासकट कापून जाळावा किंवा खोल पुरावा. वजडी स्वच्छ धुऊन उकडली तर कुत्र्याला उत्तम. तिचं पाणी फेकू नये, त्यातच भाकरी कुस्करावी. मीठ, कांदा, लसूण, चटणी काही घालायचं नाही. कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त कमी होतं. जत्रेच्या रश्श्यातली हाडं कुत्र्याला घालणं दोन्ही बाजूंनी वाईट ते याचसाठी. रस्सा कांदा-लसणाचा, आणि हाड शिजलेलं.

शिजलेलं हाड सुईसारखं फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. कच्चं हाड त्या मानाने लवचीक असतं, तरी बोकडाच्या मांडीचं नळीचं हाड कडक असतं आणि दात तोडतं. कोंबडीचे पंजे आणि माना शिजवायच्याच असतील तर कुकरमध्ये पाणी घालून इतक्या शिट्ट्या काढाव्यात की हाड चिमटीत दाबल्यावर पीठ व्हावं. जे हाड चिमटीत मोडत नाही ते काढून टाकावं. ही पद्धत किती तरी घरांत चालते आणि एकदा गॅस जळला तरी जंतूंची काळजी संपते. लोडशेडिंगच्या गावात तर कच्च्यापेक्षा हेच बरं.

फ्रीजबद्दल एक गैरसमज आहे. बर्फात ठेवलं की जंतू मरतात, असं बरेच जण मानतात. ते झोपतात, मरत नाहीत. वीज गेली, मांस सैल झालं, वीज आली, पुन्हा गोठलं, असं दोनदा झालेलं मांस कच्चं घालणं म्हणजे जंतूंची पेरणी. फोडाच्या जंतासाठीही घरच्या फ्रीजवर विसंबून राहू नये. आणि माणसांच्या दूध-भाजीच्या वरच्या कप्प्यात काळ्या पिशवीतून गळणारं मांस कधीच ठेवू नये. उन्हाळ्यात चाळीस अंशात बाहेर पडलेलं मांस तासाभरातच बिघडायला लागतं. कुत्र्याने अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलावं.

सुरी, पाट, भांडं कुत्र्याचं वेगळं ठेवावं. मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलं जिथे खेळतात तिथे कच्चं घालू नये, आणि खाऊन आलेल्या कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर कच्च्याचा हट्ट सोडून उकडलेलंच घालावं.

आहार बदलताना एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यावं, नाहीतर जुलाब ठरलेले. एक भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. कच्चं मांस खाऊन कुत्रं पिसाळत नाही. पिसाळणं हा रेबीजच्या विषाणूचा आजार आहे, तो पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून येतो. वर्षाला एक लस हाच त्याचा बंदोबस्त.

वार, मेलेलं वासरू आणि शिवेवरचं जनावर

गाय-म्हैस व्याली की वार कुत्र्याने ओढून नेणं हे नेहमीचं दृश्य. काही जण मुद्दाम टाकतात. त्यातून निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्यात जातो, त्याच्या विष्ठेतून वैरणीत येतो आणि गोठ्यातली दुसरी गाय पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडते. गाभडलेलं वासरू आणि त्याची वार तर अजून धोक्याची. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू त्यात ठासून भरलेले असतात आणि ते माणसालाही होतात. कुत्र्याचं एक फुकटचं जेवण आणि एका दुभत्या जनावराचं वर्ष वाया, असा हा व्यवहार आहे. वार खड्डा काढून चुना टाकून पुरावी, आणि उचलताना हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी.

पूर्वी शिवेवर टाकलेलं मेलेलं ढोर गिधाडं काही तासांत साफ करायची. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मढ्यातून पोटात जाऊन गिधाडं संपत गेली. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, पण गिधाडं परत आली नाहीत आणि त्यांच्या जागी मोकाट कुत्री आली. आपलं राखणीचं कुत्रंही रात्री सुटून तिथेच जात असेल, तर घरात कितीही निगुतीने उकडून घातलं तरी उपयोग नाही. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त आलं असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. ते जनावर फाडायचं नाही, कुत्र्याला जवळ जाऊ द्यायचं नाही आणि लगेच दवाखान्यात कळवायचं.

जत्रेत एका दिवसात गावभर बोकडं पडतात तेव्हा एकट्याच्या शहाणपणाने भागत नाही. ग्रामपंचायतीने आदल्या दिवशीच जेसीबीने कमरेच्या वर खोल खड्डा काढून ठेवला, सगळ्यांनी आतडी-फुप्फुसं तिथेच टाकली आणि संध्याकाळी चुना टाकून माती ओढली, तर कुत्र्यांना उकरता येत नाही.

आधी खाल्लेलं असेल तर

बहुतेक घरांतल्या कुत्र्यांनी हे भाग आजवर खाल्लेलेच असतील. त्याला औषध आहे आणि ते महाग नाही. प्राझिक्वांटेल हा घटक असलेली जंताची गोळी या जंताला मारते. प्रमाण किलोमागे ५ मिलिग्रॅम. कुत्र्यांसाठीच्या नेहमीच्या गोळीत ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोला एक, वीस किलोला दोन. पाकिटावर नाव आणि आकडा वाचूनच घ्यावी, कारण जंताच्या प्रत्येक औषधात हा घटक नसतो. शेळ्या-मेंढ्यांचं उरलेलं जंताचं औषध कुत्र्याला पाजून हे काम होत नाही. गाभण कुत्री आणि लहान पिल्लांना डॉक्टरांना विचारून द्यावं.

कच्चे अवयव खाणाऱ्या किंवा मोकळं हिंडणाऱ्या कुत्र्याला दर दीड महिन्याने गोळी द्यावी. जंताला अंडी घालायला साधारण तेवढेच दिवस लागतात, त्याआधी त्याला गाठायचं. उकडलेलं खाणाऱ्या, बांधलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांनी चालते. गोळीने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवावं आणि त्याची विष्ठा फावड्याने उचलून जाळावी किंवा खोल पुरावी. उकिरड्यावर टाकली तर ती शेणखतातून भाजीच्या वाफ्यात पोचते.

गोळी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी, नसली तर डॉक्टर लिहून देतात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. घरात कुणाला उजव्या बरगडीखाली बरेच महिने जडपणा किंवा दुखणं असेल आणि घरात कुत्रं, मेंढरं असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. सोनोग्राफी करणाऱ्यालाही सांगावं. कारण पोटातली गाठ कसली आहे हे कळायच्या आधी तिला सुई लावली, तर ती फुटून पसरू शकते.